आधी व्होल्ट मोजा, मग भांडू

शैला, तू जाताना घालून दिलेलं गणित मी आज सकाळपर्यंत केलं नव्हतं. वेळ नव्हता असं नाही, वेळच वेळ पडलाय. करायचंच नव्हतं. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय आणि त्या गणिताचं उत्तर आलं की ते मिटणार. मिटलं की आपल्या दोघांत बोलायला उरतं काय? म्हणून तुझी ती चहाची विजेची शेगडी मी उचलून माळ्यावर ठेवली, शेजारी तुझा चिमट्याचा मीटर ठेवला, आणि माळ्याकडं मान वर करून बघायचंच बंद केलं.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, “मॅडम शेवटचं काय बोलल्या?” गावाला तू मॅडमच ना. त्यांना काहीतरी मोठं ऐकायचं असतं. पोरीला जपा, नाहीतर देवाचं नाव, असलं काहीतरी. आता काय सांगू त्यांना? थोरल्या भावानं, आप्पानं, त्याची चारचाकी अंगणात आणली, तू मागच्या सीटवर बसलीस, हात छातीवर दाबलेला, चेहरा पांढराफटक. आणि मी दार लावतोय तर म्हणतेस, “आल्यावर चहा गॅसवरच करायचा हं. तुमची शेगडी काही दोन हजार वॅटची नाही.”

“गप बस की आता,” मी म्हणालो. “दोन हजारचीच हाय ती.”

“मग रोध काढून ठेवा. वॅट काढून ठेवा. आधी व्होल्ट मोजा, मग भांडू.”

एवढंच. न्हावऱ्यापासून शिरूरपर्यंत तू डोळे मिटून पडली होतीस आणि मी पुढं बसून दर खड्ड्याला आप्पाला शिव्या देत होतो, जणू खड्डे त्यानंच खणले होते. दवाखान्यात तुला आत घेतलं ते घेतलंच. काचेतून तुझे पाय तेवढे दिसायचे. मी काचेवर टकटक करायचो, तर नर्स हातानंच ‘जा, जा’ करायची. तिचं काही चुकलं नाही. तुझंही चुकलं नाही. चुकलं कुणाचंच नाही, त्यामुळं कुणावर चिडताही येत नाही बघ.

मी म्हणतो ही शेगडी आपण दोघांनी घेतली. तू हे कधी कबूल केलं नाहीस. तुझ्या लेखी ती कायम ‘तुमची’ शेगडी आणि तो दुकानदार कायम ‘तुमचा यवतवाला’. आठव जरा. दौंडहून, तुझ्या माहेराहून येत होतो. चौफुल्याला वळलो असतो तर नीट घरी आलो असतो, पण माझ्या कंपनीतल्या दोस्ताकडं बारसं होतं म्हणून वाट वाकडी करून यवतला गेलो. हायवेच्या कडेला भांड्यांचं दुकान. तूच आधी आत शिरलीस. तुला पडवीत ठेवायला काहीतरी हवं होतं, कारण शिकवणीच्या मधेच चहाला आत गॅसपाशी गेलीस की पोरं पडवीत आठवडेबाजार भरवायची. त्या गड्यानं शेगडी उलटी करून बुडावरचा शिक्का दाखवला. “दोन हजार वॅट, वहिनी. पाणी ठेवून पाठ फिरवू नका, उतू जाईल.” मी लगेच पिशवी पुढं केली. तू म्हणालीस, “बघू हं.” मी ते ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

घरी आणली, बटण दाबलं, कॉइल लाल झाली. लाल म्हणजे तशी तांबूसच. पातेलं ठेवलं. तू पाठ फिरवलीस. पदर खोचून विहिरीपर्यंत गेलीस, कळशी घेऊन आलीस, कपडे वाळत घातलेस, मग पातेल्यात वाकून बघितलंस. “आलं का हो उतू?”

“येईल की. घाई काय हाय?”

“दौंडला आईची शेगडी अशीच आहे. दोन हजारचीच. चहापत्तीचा डबा शोधेपर्यंत पाणी उकळतं.”

“तुझ्या दौंडला पाणी नळातूनच गरम येत आसंल!”

तुझे वडील रेल्वेत, तू क्वार्टरमध्ये वाढलेली. दौंडचं सगळंच तुला चांगलं वाटायचं, अगदी तिथला गाड्यांचा भोंगासुद्धा. वस्तीवर पहिल्या वर्षी तुला झोप लागायची नाही, कारण इथं आवाजच नाही. आता मला लागत नाही, त्याच कारणानं. पण ते जाऊ दे. तेव्हापासून चहा कधी लवकर झाला नाही आणि तू दर वेळी पाठ फिरवून विचारायची सोडली नाहीस, “आलं का हो उतू?” पाहुण्यांसमोर विचारलंस, सोयरिकीला आलेल्या लोकांसमोर विचारलंस. प्राजूच्या सासऱ्यांना तर वाटलं की आपल्याकडं असाच काही रिवाज आहे. तेही बिचारे पाठ फिरवून बसले.

तू मला कितीदा तरी म्हणालीस, “अहो, वाद कशाला घालता? मीटर आहे, पोरं शिकून गेली त्यावर. मोजा आणि काढा.” मी म्हणायचो, “मला काय दहावीची परीक्षा द्यायची हाय?” रांजणगावात मी पॅकिंगमध्ये. माझा आकड्यांशी संबंध खोक्यांपुरता. बीएस्सी तू झालीस, ते तुझं तू बघ. असं म्हणायचो खरं, पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आज सांगतो. फर्स्ट शिफ्ट करून कंपनीच्या बसनं फाट्यावर उतरलो की मी घाईनं घरी यायचो, कारण तुझी शिकवणी सुरू झालेली असायची. मग बादली, फडकं घेऊन पडवीसमोर माझी मोटारसायकल पुसत बसायचो. तुला वाटायचं माझा गाडीवर जीव आहे. अगं, गाडी काय रोज घाण होते काय? मी ऐकत असायचो. तुझा आवाज शिकवताना वेगळाच व्हायचा. माझ्याशी बोलताना असायचा तसा धारदार नाही, आणि प्राजूशी बोलताना असायचा तसा मऊही नाही. ते ऐकायला बरं वाटायचं, इतकंच.

पडवीच्या भिंतीवर तू तो त्रिकोण काढला होतास, हिरव्या ऑइलपेंटनं. वर व्होल्ट, खाली एका कोपऱ्यात अँपिअर, दुसऱ्या कोपऱ्यात ओहम, म्हणजे रोध. “जे पाहिजे ते बोटानं झाका. उरलेलं काय म्हणतंय ते बघा.” रोध झाकला की वर व्होल्ट, खाली अँपिअर, म्हणजे भागा. पोरं रांगेनं येऊन भिंतीवर बोट ठेवायची. तिथला रंग आता झिजून गेलाय, ओहमच्या कोपऱ्यात जास्त. आणि उत्तर आलं की पोरगं ओरडायचं, “बारा!” की तू लगेच, “बारा काय? बारा मेंढरं?” सगळी पडवी हसायची. हा टोमणा पोरांना नव्हता, मला होता. आमच्या घरात पणजोबांपर्यंत मेंढरंच, रानोमाळ हिंडणारी माणसं आम्ही. माझे आबा होते तोवर तेही ओट्यावरून हसायचे आणि म्हणायचे, “बारा मेंढरांत भागत न्हाई सूनबाई, निदान पन्नास तरी घाला!” पण एकक सांगितल्याशिवाय तू कुणाचं उत्तर बरोबर धरलं नाहीस. ओहम म्हण, वॅट म्हण, मग मान हलवणार. घरातसुद्धा तेच. मी म्हणालो, “पाच आण म्हणून सांग आप्पाला,” की तू, “पाच काय?”

एकदा, मला नीट आठवतंय, एका पोरीनं काहीतरी विचारलं. माझं ध्यान चेनला ग्रीस लावण्यात होतं. वर बघितलं तर तू ओठावर बोट ठेवलेलं आणि सगळी पोरं माझ्याकडं बघून फिदीफिदी हसतायत. मला वाटलं माझ्या पँटला मागं ग्रीस लागलंय. मान वळवून वळवून बघितलं, तर पोरं आणखीच हसली. तू म्हणालीस, “काही नाही हो, तुमचं चालू द्या.”

आणि त्या रविवारचं तर विचारूच नको. तू मला सारखी डिवचत होतीस म्हणून मी भर शिकवणीत उठलो, तुझा मीटर उचलला. चिमट्यासारखा उघडतो, वायरीला धरायचा, किती अँपिअर जातायत ते दाखवतो, एवढं मला बघून बघून माहीत झालं होतं. शेगडी लावली, तिच्या वायरीला चिमटा धरला. शून्य. कॉइल लाल आणि मीटरवर शून्य!

“बघ,” मी म्हणालो. “करंटच न्हाई आन् कॉइल पेटली. गेलं तुझं शास्त्र खड्ड्यात!”

तू हसायला लागलीस ती थांबेचना. खाली बसलीस. डोळ्यांतून पाणी. शेवटी म्हणालीस, “अहो, त्या एका वायरीत दोन वायरी असतात. एकीतून जातो, दुसरीतून परत येतो. दोन्ही एकदम धरल्या की जाणारा आणि येणारा एकमेकांना काटतात. शून्यच येणार. एकटीलाच धरायची असते.” मग तू तो लाकडी बोर्ड दाखवलास, तू स्वतः केलेला, ज्यात एक वायर वेगळी बाहेर काढून तिला लाल टेप गुंडाळली आहे. मी म्हणालो, “ठेव तुझा बोर्ड तुझ्यापाशी,” आणि निघून गेलो. पाठीमागं पोरं हसत होती. अगं, मीही हसत होतो, पण तुला कसं दाखवणार?

तू गेल्यावर चूल बंद. म्हणजे गॅसच, पण म्हणायचं चूलच. सुतकात आप्पाच्या घरून भाकरी यायची, पिठलं यायचं, वहिनी चहाचा थर्मास आणून ठेवायच्या. तो चहा घरी पोचेपर्यंत कोमट व्हायचा. मी तसाच प्यायचो. दहाव्याच्या आधी घर सारवून-पुसून घ्यायचं म्हणून वहिनी चुन्याची बादली घेऊन पडवीत आल्या आणि त्रिकोणावर ब्रश नेला. मी ओरडलो, “हात लावाल तर बघा!” बाई घाबरून मागं सरकली, बादली कलंडली. वहिनींना मी आजवर उलट बोललो नव्हतो. मग मीच चुना पुसला, त्या पाणी आणून ओतत होत्या, आणि दोघंही रडत होतो. नंतर त्यांनी त्रिकोण सोडून बाकी भिंतीला चुना लावला. आता पडवीची भिंत पांढरी आहे आणि मधे एक पिवळा तुकडा, त्यात तुझा त्रिकोण. दिसतं वाईट. राहू दे.

मग सगळे गेले. प्राजू राहिली होती, तीही हडपसरला गेली, तिच्या लेकराची शाळा. शिकवणीची पोरं आता गावात दुसरीकडं जातात. त्यांचं बरोबर आहे, परीक्षा थांबते काय? पण शिकवणीची वेळ झाली की मी उठतो आणि बादली, फडकं घेतो. सवय. गाडी इतकी लखलखीत झालीय की आप्पा म्हणाला, “विकायची हाय का रं?” समोर पडवी रिकामी असते. मी पुसत राहतो. कधीकधी वाटतं तू आत गेली असशील डबा शोधायला. मग फडकं पिळतो आणि उठतो. शैला, लई एकटं वाटतंय. हे असं सरळ तुला कधी म्हणालो नव्हतो, कारण तू असताना तशी पाळीच आली नाही.

काल प्राजूचा फोन. “बाबा, तुम्ही इकडंच या बघा. मी रविवारी येते, पसारा काढू. जुनं सगळं भंगारात देऊन टाकू.”

“काय काय जुनं?”

“किती तरी आहे. माळा भरलाय नुसता. ती शेगडी, तो बोर्ड...”

मी फोन ठेवला. पोरीचा राग नाही, ती भल्यासाठीच म्हणते. पण मला कळलं, की आता टाळून चालणार नाही. शेगडी गेली तर उत्तर कायमचं गेलं. तू येऊन विचारशील तेव्हा मी काय, ‘भंगारात दिली’ असं सांगू? तू येणार नाहीस हे मला कळतं. येडा झालेलो नाही. पण तू विचारणार म्हणालीस आणि मी गणित न करता बसलो, हे बरं दिसतं काय?

आज सकाळी माळ्यावर चढलो. शेगडी खाली घेतली, झटकली, पडवीत तुझ्या जागेवर मांडली. पातेल्यात पाणी ठेवलं. बटण दाबलं. कॉइल तांबूस झाली. चिमटा घेतला आणि वायरीला धरला.

शून्य.

बघ, पुन्हा तीच चूक! इतकी हसलीस त्या दिवशी, तरी हाताला तेच वळण. मी हसलो. एकटाच मोठमोठ्यानं हसलो, आणि मग थांबलो. तू म्हणाली होतीस ना, दोन्ही वायरी एकत्र असल्या की मीटरवर काही दिसत नाही. खरं आहे तुझं. तू होतीस तोवर आपल्या घरात काय वाहतंय ते मला कधी दिसलंच नाही. चहा, टोमणे, ‘पाच काय?’, सगळं चालू होतं आणि मला वाटायचं काही विशेष नाही.

मग तुझा बोर्ड आणला. शेगडी त्यात लावली. लाल टेपवाली एकटी वायर चिमट्यात धरली. साडेसात. साडेसात अँपिअर, म्हटलं आधीच एकक सांगून टाकावं. मग मीटरच्या दोन सुया बोर्डाच्या दुसऱ्या भोकांत, शेगडी चालू ठेवूनच, तू पोरांना बजावायचीस तसं. दोनशे व्होल्ट. बरोब्बर दोनशे, जणू तूच फळ्यावर सोपं गणित घातलंस माझ्यासाठी. इकडं आपली वस्ती लाइनीच्या शेवटाला, सकाळी सगळ्या मोटारी विहिरींवर चालू, तेव्हा दोनशे मिळाले हेच नशीब. वायरमन कायम म्हणतो, “शेवटच्या घराला उरलंसुरलं.”

भिंतीपाशी गेलो. ओहमवर बोट ठेवलं, जिथं पोरांनी रंग झिजवलाय तिथंच. वर व्होल्ट, खाली अँपिअर. देवळीत तुझा खडू होता, त्यानं भिंतीवर, नव्या चुन्यावर, भागाकार केला. दोनशे भागिले साडेसात. सव्वीस आले, मग पुढं सहा, सहा, सहा, संपेचनात. मी सव्वीस पूर्णांक सहासष्टला थांबलो. ओहम. हा झाला रोध. मग वॅट. व्होल्ट गुणिले अँपिअर, हे मला गाडी पुसून पुसून पाठ झालंय. दोनशे गुणिले साडेसात. पंधराशे.

पंधराशे! दोन हजार नाही. म्हणजे तू जिंकलीस. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, बरं वाटलं. म्हटलं चला, मॅडमचं खरं ठरलं, यवतवाला लबाड निघाला. शेगडी बंद केली, पातेलं उतरवलं, जरा निवू दिली आणि उलटी केली, त्या लबाडाचा शिक्का बघायला. बुडावर लिहिलंय, दोन हजार वॅट. आणि त्याच्या आधी, बारीक अक्षरांत, दोनशे तीस व्होल्ट.

मी तसाच उकिडवा बसून राहिलो. आधी व्होल्ट मोजा, म्हणाली होतीस. इथं दोनशे. शिक्क्यावर दोनशे तीस. मग पुन्हा भिंतीपाशी. शेगडी तीच, कॉइल तीच, म्हणजे रोध तोच. दोनशे तीस भागिले सव्वीस पूर्णांक सहासष्ट, जवळजवळ आठ पूर्णांक सहा अँपिअर. त्याला दोनशे तीसनं गुणलं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. दोन हजारच की! पूर्ण व्होल्ट मिळाले तर ही शेगडी दोन हजारचीच आहे. यवतवाला खरा. मी खरा. आणि पाणी लवकर उकळत नाही म्हणणारी तूही खरी. दौंडला क्वार्टरमध्ये पुरे व्होल्ट, म्हणून तिथं चहापत्तीचा डबा शोधेपर्यंत पाणी उकळायचं. इथं शेवटच्या घराला उरलंसुरलं.

आणि मग मला ती पोरगी आठवली. ओठावर ठेवलेलं तुझं बोट आठवलं. तेव्हा तू काय शिकवत होतीस तेही आता आठवलं. तू म्हणत होतीस, “वस्तू तीच, रोध तोच. पण व्होल्ट थोडे पडले की वॅट बरेच पडतात.” आणि त्या पोरीनं विचारलं होतं, “मग मॅडम, तुमची शेगडी?” 

तुला माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं. पहिल्या दिवशी पातेल्यात वाकून बघितलंस तेव्हाच माहीत असणार. सगळ्या वर्गाला माहीत होतं, गाडी पुसणारा मी तेवढा अडाणी. इतकी वर्षं मला डिवचलंस, पाहुण्यांसमोर पाठ फिरवून उभी राहिलीस, ‘तुमचा यवतवाला लबाड’ म्हणालीस, आणि एकदाही सांगितलं नाहीस, की अहो, तुमचंही बरोबर आहे. कारण तू पोरांनाही कधी उत्तर सांगितलं नाहीस. वाट बघायचीस. पोरगं स्वतः भिंतीपाशी जाऊन बोट ठेवीपर्यंत वाट बघायचीस. माझीही बघत होतीस. छातीवर हात दाबून गाडीत बसलीस तरी बघत होतीस.

असा राग आला म्हणून सांगू! आणि असा उमाळा आला. वाटलं, आत्ता या क्षणी तू इथं पाहिजे होतीस. एक तास भांडलो असतो तुझ्याशी. “इतकी वर्षं मला येड्यात काढलंस काय?” म्हणून ओरडलो असतो, आणि तू खाली बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली असतीस. व्होल्ट मोजले, शैला. तू सांगितलंस तसं सगळं केलं. आता ‘मग भांडू’ म्हणालीस त्याचं काय?

प्राजूला फोन करून सांगितलं, रविवारी ये, पण शेगडी आणि बोर्ड कुठं जाणार नाहीत. “का हो बाबा?” म्हणाली. म्हटलं, “दोन हजारची हाय ती.” तिला काय कळणार! तुमचं काय ते तुम्हालाच माहीत, म्हणाली.

शेगडी पुन्हा लावली, पातेलं ठेवलं. पाण्याला काही घाई नव्हती. पडवीत खाली बसलो, जिथं पोरं बसायची तिथं, त्रिकोणासमोर. पलीकडं आप्पाचं वासरू हंबरत होतं. गावात सगळे तुला मॅडम म्हणायचे, आबासुद्धा कधीकधी चेष्टेनं म्हणायचे, एक मी म्हणालो नाही. तू एकदा म्हणाली होतीस, “एकदा तरी मॅडम म्हणा की हो.” मी म्हणालो होतो, “मी काय तुझा विद्यार्थी हाय?”

मी भिंतीकडं बघून मोठ्यानं म्हणालो, “पंधराशे.”

आणि थांबलो. मुद्दाम थांबलो. एकक मुद्दाम सांगितलं नाही. ‘पंधराशे काय? पंधराशे मेंढरं?’ एवढंच ऐकायचं होतं. बराच वेळ थांबलो. पाण्याला आधण आलं, झाकण हललं, पाणी उतू जाऊन कॉइलवर चर्रर्र झालं. यवतवाल्याचं तेही खरं ठरलं, आणि ते बघायला पाठ फिरवून कुणी उभं नव्हतं.

मग मीच उठलो, बटण बंद केलं, आणि हळू आवाजात सांगितलं.

“वॅट. पंधराशे वॅट, मॅडम.”